चारही चाकं ओढणारी छोटी गाडी घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी राहतो पुण्यात, गाव राजापूर तालुक्यात. गावातला डांबरी रस्ता देवळापाशी संपतो. तिथून आमच्या खळ्यापर्यंत दीडशे मीटरचा जांभ्याचा चढ आहे, दोन्ही बाजूंना गडगे, आणि जूनपासून दिवाळीपर्यंत वर हिरवं शेवाळ. आधीची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी होती. ती देवळापाशी लावायची आणि गॅसच्या सिलिंडरपासून गणपतीच्या मखरापर्यंत सगळं डोक्यावरून वर न्यायचं, असं अकरा वर्षं चाललं. २०२३ साली ऑल-व्हील-ड्राइव्ह क्रॉसओव्हर घेतली, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देऊ शकणारी छोटी एसयूव्ही. तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात आणि गावच्या मुंबईकरांत तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय.

रोजच्या वापराला ऑल-व्हील-ड्राइव्ह लागते का?

बहुतेकांना नाही. ऑफिस, शाळा, डी-मार्ट, महिन्यातून एकदा लोणावळा, वर्षातून दोनदा कोल्हापूर, एवढंच असेल तर पुढच्या चाकांची गाडी पुरून उरते.

मी विचारणाऱ्याला एकच उलटा प्रश्न करतो: तुमची गाडी आजवर कुठे अडकली, त्या जागेचं नाव सांगा. कुणी म्हणतो, "फार्महाऊसच्या फाटकाबाहेर, दर पावसाळ्यात." कुणी म्हणतो, "माहेरच्या चढावर." अशी नावानिशी जागा असेल आणि तिथे वर्षातून आठ-दहा वेळा जाणं होत असेल, तर पुढचं वाचा. "कुठे नाही हो, पण असावी," असं उत्तर असेल तर ते पैसे चांगल्या टायरांवर घाला. उरले तर फिरायला जा.

ऑल-व्हील आणि फोर बाय फोर म्हणजे एकच ना?

बोलताना आपण दोन्हींना फोर बाय फोरच म्हणतो, पण काम वेगळं आहे. जिम्नी किंवा थारमध्ये दणकट चॅसी असते, ड्रायव्हर स्वतः लिव्हर ओढून चारही चाकं जोडतो, आणि 'लो' गिअर असतात. लो गिअरमध्ये गाडी मुंगीच्या पावलांनी पण प्रचंड जोराने चढते. क्रॉसओव्हर मात्र साध्या मोटारीसारख्या एकसंध बॉडीची असते, बहुतेक वेळ पुढच्याच चाकांवर पळते आणि गरज भासली की मागची चाकं आपोआप मदतीला घेते. तिला लो गिअर नसतात.

म्हणून ओढ्यातले धोंडे, खोल चाकोऱ्या, उभा दगडी चढ हे क्रॉसओव्हरचं काम नव्हे. ओला चढ, सैल खडी, थोडा चिखल, गवताळ उतार हे तिचं काम. महाराष्ट्रातल्या गावच्या वाटा बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या असतात, हे आपलं नशीब.

नेमकं काय होतं चढावर? पुढची चाकं जागेवरच का फिरतात?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण उत्तर पाटीवरच्या गणिताएवढं सोपं आहे.

पाचाला एक असा चढ धरा, म्हणजे पाच मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. अशा चढावर गाडीच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तिला मागे ओढत असतो. गाडी १२५० किलोची असेल तर ही ओढ झाली २५० किलोंची. तेवढा जोर टायरांनी जमिनीला लावला तरच गाडी चढणार.

आता टायर किती जोर लावू शकतो? कोरड्या डांबरावर भरपूर. ओल्या शेवाळावर मात्र त्याच्यावर असलेल्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढा धरू. चढावर गाडीचं वजन मागे कलतं, त्यामुळे पुढच्या दोन चाकांवर उरतात जेमतेम ७०० किलो. त्याचा चौथा हिस्सा १७५. हवेत २५०, मिळतात १७५. मग इंजिन शंभर अश्वशक्तीचं असो की दोनशेचं, चाकं जागेवरच फिरणार आणि रबराचा वास सुटणार.

चारही चाकांना ताकद मिळाली की पूर्ण १२५० किलो कामाला लागतात. चौथा हिस्सा ३१० च्या वर जातो. हवे होते २५०. गाडी चढली.

यात मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या टाकून पाहा. वजन वाढलं म्हणून ओढ वाढते, पण वाढलेलं वजन बहुतेक मागच्या चाकांवर पडतं. म्हणजे पुढच्या चाकांच्या गाडीचे हाल आणखी होतात. "एकटा असताना चढते, माणसं बसली की नाही चढत" ही गावोगावची तक्रार इथून येते.

आणि ती मागची चाकं कोण जोडतं?

मागच्या डिफरन्शियलपाशी, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यापाशी, एक कपलिंग असतं. आत क्लचच्या चकत्या, वर इलेक्ट्रॉनिक हुकूमत. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरताहेत असं सेन्सरांना दिसलं की चकत्या आवळल्या जातात आणि ताकद मागे जाते. काही गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला, स्टिअरिंग किती वळवलं यावरून घसरण्याआधीच थोडी ताकद मागे सोडतात. तुम्हाला यातलं काहीच जाणवत नाही, फार तर एखादा बारीक धक्का.

चकत्या घासल्या की तापतात. चिखलात रुतून दहा मिनिटं अ‍ॅक्सिलरेटर तुडवत बसलात तर कपलिंग तापतं आणि स्वतःला वाचवायला मागचा पुरवठा तोडून टाकतं. अशा वेळी उतरा, गाडी थंड होऊ द्या, चाकांखाली दगड नाहीतर फांद्या घाला.

ऑटो, स्पोर्ट, स्नो, लॉक. कोणता मोड कधी?

वर्षातले ३५५ दिवस ऑटो. स्पोर्ट मी दोनदा लावला, दोन्ही वेळा मुलाच्या हट्टापायी.

स्नो हे नाव आपल्याकडे फसवं आहे. बर्फ नसला तरी ओल्या चिकण रस्त्यावर, सैल मुरुमावर तो उपयोगी पडतो, कारण इंजिनाचा झटका कमी होतो आणि मागच्या चाकांना आधीपासून हिस्सा मिळतो. लॉक म्हणजे ताकद पुढे-मागे घट्ट वाटून देणं. तो फक्त हळू वेगात, अडल्या ठिकाणी वापरायचा. माझ्या चढावर मी देवळापाशीच लॉक लावायचो. चढ सुरू झाल्यावर, चाकं फिरायला लागल्यावर बटण शोधण्यात अर्थ नाही.

छोट्या गाड्यांत आज पर्याय कोणते?

मोजके. मारुती ग्रँड विटारा, टोयोटा हायरायडर आणि २०२५ साली आलेली मारुती व्हिक्टोरिस. तिघींची आतली यंत्रणा एकाच घराण्यातली आहे: दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, सुमारे १०३ पीएस (म्हणजे अश्वशक्तीच), आणि सुझुकी जिला ऑलग्रिप सिलेक्ट म्हणते ती ऑल-व्हील यंत्रणा. ग्रँड विटारा आणि हायरायडर तर जुळ्या बहिणीच, दोघींचा जन्म बंगळुरूजवळच्या बिदादीचा. माझी त्या दोघींपैकी एक. कोणती ते सांगत नाही, कारण त्यावरून निवड करायची गरज नाही. घराजवळ कोणाचं सर्व्हिस सेंटर चांगलं आहे ते बघा.

क्रेटा, सेल्टोस, नेक्सॉन, कुशाक या गाड्या कितीही रांगड्या दिसल्या तरी आपल्याकडे त्यांची फक्त पुढची चाकं ओढतात. प्लास्टिकचं जाड क्लॅडिंग आणि छतावरचे रेल पाहून फसू नका. जास्त पैसे असतील तर जीप कम्पासचं डिझेल फोर बाय फोर आहे. ती आपल्या रांजणगावची आणि ताकदीला या तिघींच्या पुष्कळ वर, पण किंमत वेगळ्याच मजल्यावर. जिम्नी छोटी आहे आणि डोंगरात बाप आहे, पण चौघांचीच, आणि चौघं बसल्यावर मागे सामानाला जागा उरत नाही.

यातली एक गंमत सांगायलाच हवी. मारुतीची छोटी फ्रॉन्क्स भारतात बनते आणि इथून जपानला जाते. जपानी गिऱ्हाइकाला ती २०२४ पासून दीड लिटरच्या इंजिनासह चारही चाकांवर चालणारी मिळते. आपल्याला तीच गाडी फक्त पुढच्या चाकांची मिळते. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कर कमी, त्यामुळे दीड लिटरचं इंजिन टाकलं की हिशेबच बदलतो. कोकणातल्या अरुंद वाटांना ती जपानी फ्रॉन्क्स अगदी मापाची झाली असती.

कराचा फरक किती?

ग्रँड विटारासारख्या चार मीटरपेक्षा लांब, दीड लिटरपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के सेस, मिळून ४५ टक्के पडत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट ४० टक्के. छोट्या गाड्यांवर १८. या आकड्यांशिवाय आरटीओचा कर आणि विमा वेगळा, म्हणून शोरूममधली किंमत ऐकून खुश होऊ नका. 'ऑन रोड किती?' एवढंच विचारा.

शिवाय ऑल-व्हील बहुतेक वेळा वरच्या व्हेरियंटलाच मिळते. म्हणजे चार चाकांसाठी गेलात तर मोठी स्क्रीन, सनरूफ वगैरे गळ्यात पडतंच. गावच्या चढाला सनरूफचा उपयोग काय, ते अजून मला कळलेलं नाही.

मॅन्युअल मिळेल का?

माझी मॅन्युअल आहे. २०२५ च्या बदलांनंतर ग्रँड विटारा आणि हायरायडर दोन्हींत ऑल-व्हीलला सहा गिअरची ऑटोमॅटिक आली आणि मॅन्युअल गेली. सुरुवातीला मी हळहळलो. मग मेव्हण्याची ऑटोमॅटिक त्याच चढावर चालवून पाहिली आणि गप्प बसलो. टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) गाडी चढावर इंच-इंच सरकवता येते, क्लच जळत नाही. मॅन्युअलमध्ये लो गिअर नसल्याने अर्धा क्लच धरून चढावं लागतं, आणि भरल्या गाडीला दोनदा थांबून निघावं लागलं की क्लचचा वास आलाच. चढासाठी गाडी घेत असाल तर ऑटोमॅटिकच घ्या.

मायलेज किती मार खातं?

ग्रँड विटाराचे २०२२ चे अधिकृत आकडे घ्या: साधी मॅन्युअल लिटरला २१.११ किलोमीटर, ऑल-व्हील मॅन्युअल १९.३८. वर्षाला १२ हजार किलोमीटर धावणाऱ्या माणसाला पन्नासेक लिटर पेट्रोल जास्त. रस्त्यावर दोन्ही आकडे घसरतात, पण फरक साधारण तेवढाच राहतो. मला पुणे शहरात तेरा-चौदा मिळतं, हायवेला सतरा-अठरा.

खरी चुटपुट वेगळीच आहे. याच गाडीची स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरही चालणारी, लिटरला २७.९७ देते असं कंपनी सांगते. तेवढ्याच धावेत ती ऑल-व्हीलपेक्षा वर्षाला १९० लिटर वाचवते. आणि हायब्रिडला ऑल-व्हील मिळत नाही, सीएनजीलाही नाही. एकीकडे रोजचं हिंजवडी, दुसरीकडे वर्षातून दहा वेळा येणारा तो चढ. महिन्याला दीड हजार किलोमीटर शहरात होत असतील तर मी हायब्रिड सुचवतो आणि चढासाठी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वाचायला सांगतो. हायब्रिडच्या डिकीत मात्र बॅटरी बसते. साध्या गाडीत ३७३ लिटर जागा, हायब्रिडमध्ये २६५. दोन मोठ्या बॅगा आणि मग कोंबाकोंबी.

घाटात ऑल-व्हील जास्त सुरक्षित ना?

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात.

चढताना आणि थांब्यावरून निघताना तिचा फायदा आहे, हे वर गणितात पाहिलं. पण ब्रेक तर प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर थांबायला लागणारं अंतर टायर, वेग आणि रस्ता ठरवतात. त्यात ऑल-व्हीलची मदत शून्य, उलट तिचं वजन थोडं जास्तच. वळणाचंही तसंच. आंबेनळीत किंवा ताम्हिणीत धुकं आणि पाऊस असताना तुम्ही जास्त वेगात वळणात शिरलात, तर चार चाकं मिळून तुम्हाला दरीकडे नेतील.

त्यात एक खोडही आहे. पुढच्या चाकांची गाडी निसरड्यावर निघताना थोडी घसरते आणि ड्रायव्हरला कळतं की आज रस्ता बरोबर नाही. ऑल-व्हील काहीच न दाखवता सुटते. रस्ता किती निसरडा आहे हे मग पहिल्या ब्रेकलाच समजतं. म्हणून गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या पावसात मी मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, दोनदा जोरात ब्रेक मारून पाहिले होते. तुम्हीही पाहा. सगळी हुशारी जिरते.

उतरताना एक गोष्ट कामाची आहे: हिल डिसेंट कंट्रोल. बटण दाबलं की गाडी स्वतःच चाकं आळीपाळीने धरत हळूहळू उतरते. शेवाळाच्या उतारावर पाय ब्रेकवरून काढून घेणं पहिल्या वेळी जड जातं. काढा.

पाण्यातून जाते का?

ऑल-व्हील म्हणजे होडी नव्हे. इंजिन हवा जिथून घेतं त्या तोंडाशी पाणी पोचलं की संपलं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनच्या दांड्या वाकतात. ऑल-व्हील असो वा नसो, विम्यात इंजिन प्रोटेक्शन घेतलेलं नसेल तर ते बिल तुमचं.

पुलावरून पाणी जात असेल तर थांबायचं, बस. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला तेव्हा दोन एसटी बस त्यात गेल्या. तिथे कुठली गाडी टिकली असती?

काळ्या मातीत?

सोलापूर, बीड, यवतमाळकडचे वाचक हे विचारतात. खरं सांगतो, भिजलेली काळी माती हा लाल मातीपेक्षा अवघड पेपर आहे. ती टायरच्या खाचांत भरते, दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो आणि मग चारही चाकं गुळगुळीत. वर चाकांच्या कोठ्यात माती साचून चाक अडतं. पहिल्या सरीनंतर शेतातला अर्धा किलोमीटर ऑल-व्हील कदाचित पार करेल, पण दोन दिवसांच्या झडीनंतर ट्रॅक्टरच. चाकं फिरायला लागली की स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवा, टायरच्या कडांना कधीकधी ताजी जमीन सापडते.

किनाऱ्यावर, वाळूत?

नको. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं दंडनीय आहे. कोकणातही पोलीस गुन्हे दाखल करतात. वाळूत रुतलेली गाडी भरतीच्या आत निघेल याची हमी नाही, आणि खारं पाणी तळाला लागलं की गंज वर्षभरात दिसतो. रील काढायची असेल तर पायी जा.

टायरचं काय? लोक म्हणतात चारही एकदम बदलावे लागतात.

बरोबर म्हणतात. विकणारे हे सांगत नाहीत.

नव्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटर खोल असतात. समजा मागे नवे घातले आणि पुढे तीन मिलिमीटर उरलेले ठेवले. १७ इंची टायरवर त्यामुळे चाकाच्या त्रिज्येत जवळजवळ दीड टक्का फरक पडतो. म्हणजे सरळ, सुक्या रस्त्यावरसुद्धा दर किलोमीटरला पुढची चाकं मागच्यांपेक्षा सहा-सात फेऱ्या जास्त मारतात. गाडीला वाटतं चाकं घसरताहेत. कपलिंग विनाकारण घासत राहतं.

म्हणून एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे, सारखेच झिजलेले चार. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे. हवा चारही चाकांत पुस्तिकेप्रमाणे. एक टायर कडेला फाटला तर एकटा नवा टाकण्याआधी उरलेले तीन किती झिजलेत ते मोजा. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर ती पंक्चरवाल्यापर्यंतच. तिच्यावर पुणे-मुंबई करू नका.

कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो. कोकणातल्या पावसाला ते फार उशिराचं आहे. मी तीनला बदलतो. आणि ऑल-व्हील घेऊन गुळगुळीत टायरांवर फिरण्यापेक्षा साध्या गाडीला ताजे टायर केव्हाही बरे. वरच्या गणितातला 'चौथा हिस्सा' आठवा, तो टायरच ठरवतो.

बंद पडली तर टोचन करून नेता येते?

पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर ओढत नेणं चालत नाही. कपलिंग आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टची वाट लागते. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेडच मागवा. रोडसाइडवाल्याला फोनवर पहिल्याच वाक्यात "गाडी ऑल-व्हील आहे" असं सांगा, कारण तो हुकवालीच पाठवायला निघालेला असतो.

देखभाल महाग पडते का?

थोडी. मागच्या डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफरचं (पुढून मागे ताकद पाठवणाऱ्या गिअरच्या डब्याचं) तेल पुस्तिकेतल्या मुदतीत तपासणं आणि बदलणं हे जास्तीचं काम. गावाहून आलं की खालून पाण्याचा फवारा मारून लाल माती काढा, शाफ्टचे रबरी बूट फाटलेत का बघा. पहिल्या पाच वर्षांत खर्चाचा मोठा आकडा टायरांचाच असतो.

टेस्ट ड्राइव्हमध्ये काय बघावं?

आधी हे बघा की दिलेली गाडी ऑल-व्हील आहे का. मी गेलो त्या शोरूममध्ये मला साधीच गाडी दिली, सपाट सर्व्हिस रोडवर दीड किलोमीटर फिरवलं आणि सेल्समन म्हणाला, "सर, तीच आहे ही, फक्त मागे एक बॅज जास्त असतो." मी खाली वाकून मागचा शाफ्ट शोधला. नव्हता. दुसऱ्या शहरातून ऑल-व्हील यायला तीन आठवडे लागले, पण मी थांबलो.

गाडी आल्यावर जवळचा एखादा अर्धा डांबरी, अर्धा कच्चा चढ निवडा. चढाच्या मध्येच थांबा आणि पुन्हा निघा. घरची चार माणसं घेऊन जा, एकटे जाऊ नका. या गाड्यांचं इंजिन १०३ पीएसचं आहे, भरल्या गाडीला कुंभार्ली घाटात ते धापा टाकतं. निसरड्यावर पकड मिळेल, पण ट्रकला ओव्हरटेक करताना दम कमीच. हे आधी अनुभवून मग सही करा. मागच्या सीटची डोक्यावरची जागा, अडगळीत रिव्हर्स घेताना दिसणारी काच, तुमच्या सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प हेही त्याच दिवशी. वर्षातले दहा दिवस चढ, बाकी सगळे दिवस तो रॅम्पच.

जुनी रेनॉ डस्टर ऑल-व्हील मिळतेय. घेऊ का?

मन हो म्हणतं. २०१४ साली आलेली ११० पीएस डिझेल, सहा गिअर, पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवलेला, मागे स्वतंत्र सस्पेन्शन. चढाला आणि खड्ड्याला तिच्यासारखी गाडी या किमतीत पुन्हा आली नाही. प्रदूषणाचे बीएस-सहा नियम आले आणि २०२० मध्ये ते डिझेल गेलं.

घ्यायचीच तर चारही टायर एका नमुन्याचे आहेत का बघा. नसतील तर कपलिंगवर काय गुजरलंय याचा अंदाज येतो. मोकळ्या मातीच्या मैदानात लॉक लावून मागची चाकं खरंच माती उडवतात का, ते मित्राला बाहेर उभं करून पाहा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. तळाला गंज, मागच्या डिफरन्शियलपाशी तेलाचे डाग. आणि नोंदणीला १५ वर्षं व्हायला किती उरली ते मोजा. ओळखीचा मेकॅनिक नसेल तर नाद सोडा.

मनालीला डिसेंबरात घेऊन जाऊ?

बर्फ पडल्यावर सोलंगपासून अटल बोगद्याकडे बहुधा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. तुमची ऑल-व्हील सोडतीलही. पण आपले उन्हाळी टायर बर्फावर साबणासारखे होतात आणि परतीला उतार असतो. साखळ्या सोबत ठेवा, नाहीतर स्थानिक ड्रायव्हरची गाडी करा. मी दुसरं केलं आणि पूर्ण वेळ खिडकीतून बघत बसलो.

मुलगी कॅनडात आहे. तिथे सगळे म्हणतात ऑल-व्हीलच घे.

तिला सांगा, आधी विंटर टायर. साध्या टायरचं रबर सात अंशांखाली कडक होत जातं. विंटर टायरचं मऊ राहतं, आणि ते थांबायलाही मदत करतं, जे ऑल-व्हील करत नाही. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात. ते घेऊन पैसे उरले तर सुबारू क्रॉसट्रेकसारखी गाडी छान. तिची चारही चाकं कायमच जोडलेली असतात आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून तळाची उंची, २२० मिलिमीटर. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचा कंटाळा असेल तर उपयोग होईल.

एवढे पैसे नाहीत. पुढच्या चाकांच्या गाडीवर चढ कसा काढू?

बरेच मार्ग आहेत, मला ते उशिरा सुचले.

माणसं खाली उतरवा, डिकी रिकामी करा. अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवा, चाक फिरू लागलं की पाय काढा, दाबू नका. चढ आखूड आणि सरळ असेल तर गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढवा. मग ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि चढावरचं वजन त्यांच्यावरच कलतं. मागे बघायला एक माणूस उभा करा, पोरांना लांब ठेवा.

त्याहून पक्का इलाज रस्त्यावरच. पावसाआधी शेवाळ खरवडून ब्लीचिंग पावडर टाका, वरून वाहणारं पाणी पन्हळ काढून बाजूला वळवा. वाडीतले चार जण एकत्र आले तर चाकांच्या जागी दोन पट्टे कोबा करून त्यात आडव्या खाचा पाडता येतात.

आमच्या वाडीने गेल्या मे महिन्यात तेच केलं. आठ घरांनी वर्गणी काढली, माझीही त्यात आहे. आता स्टँडवरची रिक्षासुद्धा भर पावसात थेट खळ्यात येते. माझ्या गाडीचे हप्ते अजून एकोणीस बाकी आहेत.